यादीत पत्ता असूनही वायफायला न जोडला जाणारा फोन आणि काढून टाकूनही परत येणारा फोन

गेली काही वर्षे सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेचे आणि आसपासच्या दोन-तीन सोसायट्यांच्या कार्यालयांचे वायफाय मी सांभाळत आहे. ठरलेल्याच लोकांचे फोन आणि लॅपटॉप जोडले जावेत, म्हणून या सर्व ठिकाणी राउटरमध्ये मॅक पत्त्यांची, म्हणजे प्रत्येक उपकरण वायफायला सांगते त्या ओळख-क्रमांकांची, यादी भरलेली होती, आणि त्या यादीमुळे होणारा एकच बिघाड मला पुनःपुन्हा दुरुस्त करावा लागला आहे. ज्यांच्याकडे अशी यादी आहे त्यांना तो आज ना उद्या भेटेल, म्हणून लक्षणांपासून सुरुवात करून तपासण्या सोप्याकडून कठीणाकडे मांडल्या आहेत.

लक्षणे

कालपर्यंत चालणारा फोन आज जोडला जात नाही. पासवर्ड बरोबर असतो, राउटरच्या यादीत त्या फोनचा पत्ताही असतो, तरी पडद्यावर ‘कनेक्टिंग’ हा शब्द बराच वेळ राहतो आणि शेवटी जोडणी फसल्याचा संदेश येतो. बहुधा त्याआधी काहीतरी घडलेले असते: फोन दुरुस्तीहून परत आलेला असतो, कोणीतरी ‘फरगेट नेटवर्क’ केलेले असते, वायफायचे नाव बदललेले असते, किंवा फोनचा मालक बरेच दिवस बाहेरगावी राहून आलेला असतो.

याच बिघाडाचे दुसरे रूप अगदी उलटे दिसते. ज्याचे सदस्यत्व संपले त्याचा पत्ता मनाईच्या यादीत टाकला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच फोन पुन्हा जोडलेला आढळतो. याशिवाय जोडलेल्या उपकरणांची संख्या माणसांच्या मानाने फार जास्त दिसणे, एकाच मॉडेलचे नाव दोन-तीनदा येणे, फोन जोडला जाऊनही इंटरनेट न मिळणे, किंवा यादी सुरू करताच व्यवस्थापकासकट सगळेच बाहेर फेकले जाणे, ही लक्षणेही त्याच कुळातली आहेत.

हात लावण्याआधी

राउटरच्या पानावर शक्यतो लॅन केबल लावलेल्या संगणकावरून जावे. पानाचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो आणि तो राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या चिठ्ठीवर सापडतो. वायरलेस यादीचा नियम साधारणपणे केबलला लागू होत नाही, त्यामुळे चुकून स्वतःचाच लॅपटॉप बाहेर पडला तरी पान उघडे राहते. त्यानंतर सध्याच्या यादीचे पडद्यावरचे चित्र घेऊन ठेवावे आणि राउटरमध्ये ‘बॅकअप’ची सोय असेल तर फाइल उतरवून घ्यावी. या कामाला पाच मिनिटे लागतात. ती मी एकदा वाचवली होती, आणि त्यापायी त्या रात्री पंचेचाळीस पत्ते पुन्हा हाताने भरावे लागले.

पहिली तपासणी: दोष यादीचाच आहे का?

राउटरमधले मॅक फिल्टर, म्हणजे ही यादी लागू करणारी सोय, दोन मिनिटांसाठी बंद करावे आणि अडलेला फोन जोडून पाहावा. तो लगेच जोडला गेला तर पासवर्ड, रेंज आणि फोन या तिन्ही गोष्टी निर्दोष ठरतात आणि पुढची सगळी शोधाशोध यादीपुरती उरते. जोडला गेला नाही तर यादीत वेळ घालवू नये, पासवर्ड पुन्हा टाइप करून पाहावा आणि राउटर एकदा बंद करून चालू करावा. फिल्टरमुळे नाकारला गेलेला फोन बऱ्याचदा ‘पासवर्ड तपासा’ असेच सांगतो. तो संदेश खरा मानून लोक तासन्‌तास पासवर्डच बदलत बसतात, म्हणून ही फुकटातली तपासणी सर्वांत आधी करावी.

दुसरी तपासणी: फोन आज कोणता पत्ता सांगतो आहे?

बहुतेक वेळा उत्तर इथेच सापडते, म्हणून या तपासणीसाठी थोडे सविस्तर थांबतो.

मॅक पत्ता हा ४८ बिटांचा, सहा जोड्यांत लिहिलेला बारा चिन्हांचा क्रमांक असतो. त्यात ० ते ९ हे अंक आणि ए ते एफ ही अक्षरे येतात. कारखान्यातून आलेल्या पत्त्याच्या पहिल्या तीन जोड्या बहुधा आयईईई या संस्थेने उत्पादकाला दिलेल्या असतात. यादीची सगळी कल्पना या एका गृहीतकावर उभी आहे की हा क्रमांक उपकरणाला जन्मभर चिकटलेला राहतो. फोनच्या बाबतीत ते आता खरे राहिलेले नाही. २०१९ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० मध्ये आलेल्या आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफाय नेटवर्कला आपला कारखान्यातला पत्ता न सांगता बनवलेला, वेगळा पत्ता सांगतात, आणि ही सोय मुळातच चालू ठेवलेली असते. एकाच पत्त्याच्या आधारे माणसाची ये-जा दुकानादुकानांतून टिपता येत होती, ती थांबावी हा त्यामागचा हेतू आहे आणि तो योग्यच आहे.

बनवलेला पत्ता ओळखण्याची खूण सोपी आहे. पत्त्यातले दुसरे चिन्ह २, ६, ए किंवा ई असेल तर तो पत्ता कारखान्यातला नाही. ‘३सी’ने सुरू होणारा पत्ता मूळचा असू शकतो, ‘डीए’ने सुरू होणारा मात्र फोनने स्वतः बनवलेला आहे. राउटरच्या यादीवर वरून खाली एकदा एवढ्याच दृष्टीने नजर फिरवली, तर कोणत्या नोंदी पुढे दगा देणार हे आधीच कळते.

हा बनवलेला पत्ता रोज बदलत नाही, म्हणूनच बिघाड कधी आणि का होतो हे लोकांच्या ध्यानात येत नाही. अँड्रॉइडमध्ये तो साधारणपणे नेटवर्कचे नाव आणि सुरक्षेचा प्रकार यांवरून ठरतो आणि फोन फॅक्टरी रीसेट होईपर्यंत टिकतो. आयफोनमध्ये आयओएस १५ पासून एखाद्या नेटवर्कला फोन सहा आठवडे जोडला गेला नाही, तर पुढच्या वेळी तो त्या नेटवर्कला नवा पत्ता सांगतो.

ही सहा आठवड्यांची अट मला अभ्यासिकेच्या वहीतून उमगली. वहीत प्रत्येक विद्यार्थ्याचे नाव, खुर्चीचा क्रमांक आणि फोनचा पत्ता असे तीन रकाने होते. पूर्व परीक्षा झाली की मुले गावी जातात, दीड-दोन महिन्यांनी परततात, आणि परतलेल्यांपैकी काहींचेच फोन अडतात, हे दोन वर्षे दिसत होते. तिसऱ्या वेळी मी अडलेल्या फोनांची वेगळी यादी केली. ते सगळे आयफोन होते आणि त्यांचे मालक सहा आठवड्यांहून अधिक काळ आलेले नव्हते. एका मुलीच्या फोनवरचा पत्ता वहीतल्या पत्त्याशेजारी ठेवून आम्ही जोडी-जोडीने वाचला, तेव्हा एकही जोडी जुळली नाही, सहाच्या सहा जोड्या वेगळ्या निघाल्या. तोवर ती बिचारी फोन बिघडला असे समजून दुरुस्तीवाल्याकडे जाऊन आली होती.

तिसरी तपासणी: फोनला एकच पत्ता सांगायला लावणे

अँड्रॉइडमध्ये वायफायच्या सेटिंग्जमध्ये त्या नेटवर्कच्या नावाशेजारचे चक्र दाबून ‘प्रायव्हसी’मध्ये जावे आणि ‘रँडमाइज्ड मॅक’ऐवजी ‘डिव्हाइस मॅक’ निवडावे. काही कंपन्या याला ‘फोन मॅक’ म्हणतात. आयफोनमध्ये नेटवर्कच्या नावापुढच्या ‘आय’ या खुणेत ‘प्रायव्हेट वायफाय अ‍ॅड्रेस’ ही ओळ सापडते, ती बंद करावी. आयओएस १८ पासून तिथे ‘ऑफ’, ‘फिक्स्ड’ आणि ‘रोटेटिंग’ असे तीन पर्याय आहेत, त्यांतला ‘ऑफ’ निवडावा. विंडोजमध्येही ‘रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेसेस’ नावाची अशीच सोय आहे. ती मुळात बंद असते, तरी कोणी चालू केली असेल तर लॅपटॉपही तसाच वागतो.

हा बदल फक्त आपल्या नेटवर्कपुरताच करावा, कारण बाहेरच्या वायफायवर फोनने पत्ता बदलत राहणेच मालकाच्या हिताचे आहे. तो मालकाला विचारून, त्याच्यासमोर आणि त्याच्या हातानेच करावा. बदल झाल्यावर फोनवर दिसणारा पत्ता यादीत भरून जुनी नोंद काढून टाकावी. मृत नोंदी साठत गेल्या तर काही राउटरांत यादीची मर्यादा संपते आणि नवी नोंद स्वीकारली जात नाही.

इथे एक गंभीर गोष्ट तपासावी. काही जण पासवर्ड न ठेवता केवळ यादीच्या भरवशावर नेटवर्क उघडे ठेवतात. अशा उघड्या किंवा जुन्या, कमकुवत सुरक्षेच्या नेटवर्कवर आयओएस १८ पासूनचे आयफोन आपणहून ‘रोटेटिंग’ पर्याय घेतात आणि सुमारे दोन आठवड्यांनी पत्ता बदलतात. तुमच्याकडे दर पंधरवड्याला तेच फोन अडत असतील तर आधी नेटवर्कला डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ या सुरक्षाप्रकाराचा पासवर्ड लावावा.

चौथी तपासणी: एक वायफाय, दोन नावे

अनेक राउटर २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन लहरपट्ट्यांची वेगवेगळी नावे दाखवतात, दुसऱ्या नावाच्या शेवटी ‘५जी’ असते. फोन पत्ता नेटवर्कच्या नावानुसार बनवत असल्यामुळे एकच फोन या दोन नावांना दोन निरनिराळे पत्ते सांगतो. त्यातून बऱ्याच राउटरांत दोन्ही पट्ट्यांच्या याद्याही स्वतंत्र असतात. म्हणून ‘हॉलमध्ये चालतो, आतल्या खोलीत चालत नाही’ अशी तक्रार आली की रेंजला दोष देण्याआधी फोन कोणत्या नावाला जोडला जातो आहे ते पाहावे. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव, एकच पासवर्ड आणि एकच सुरक्षाप्रकार दिला तर हा घोळ कमी होतो. नाव किंवा सुरक्षाप्रकार बदलण्याच्या दिवशी मात्र सगळ्यांचेच बनवलेले पत्ते बदलतील, हे गृहीत धरून वेळ राखून ठेवावा.

पाचवी तपासणी: नोंदीतली चूक

मॅक पत्त्यात इंग्रजी ‘ओ’ हे अक्षर कधीच नसते, त्यामुळे गोल दिसणारे प्रत्येक चिन्ह शून्यच असते. हाताने लिहिलेल्या वहीत ‘८’ आणि ‘बी’ यांच्या इंग्रजी आकृत्यांची गफलत सर्वाधिक होते. लॅपटॉपला केबलच्या जोडणीचा एक पत्ता, वायफायचा दुसरा आणि ब्लूटूथचा तिसरा असतो. खोक्यावरच्या चिठ्ठीवरून उतरवलेला पत्ता नेमका केबलचा निघाल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. यादीचा प्रकारही तपासावा. ‘अलाउ’ म्हणजे फक्त यादीतलेच आत आणि ‘डिनाय’ म्हणजे यादीतले सोडून सगळे आत. हा एक पर्याय उलटा पडला तर सगळी यादी उलटी वागते.

सहावी तपासणी: दोन डबे आणि मधला रिपीटर

फायबर जोडणीत नेटवाला जो डबा बसवतो, म्हणजे ओएनटी, त्याचे स्वतःचे वायफाय बहुधा चालू असते. त्यापुढे तुम्ही आपला राउटर लावला आणि यादी त्यात भरली, तरी डब्याचे वायफाय चालूच राहते आणि त्याचा पासवर्ड माहीत असलेला कोणीही तुमची यादी टाळून आत येतो. काढलेला फोन परत आलेला दिसला तर तो कोणत्या डब्याला जोडला आहे हे आधी पाहावे. डब्याचे वायफाय बंद करणे हा यावरचा सरळ उपाय आहे.

रिपीटरची, म्हणजे वायफायची रेंज पुढे वाढवणाऱ्या यंत्राची, अडचण वेगळी आहे. काही रिपीटर आपल्यामागच्या फोनचा पत्ता राउटरपर्यंत जसाच्या तसा पोहोचवत नाहीत, त्याजागी दुसराच पत्ता पुढे करतात. जिन्याजवळ बसल्यावर फोन चालतो आणि मागच्या खोलीत अडतो, तेव्हा रिपीटरचा प्लग काढून राउटरशेजारी उभे राहून पाहावे. दोष रिपीटरचा ठरला तर यादीशी झगडण्यापेक्षा मागच्या खोलीपर्यंत केबल ओढून तिथे अ‍ॅक्सेस पॉइंट लावावा. खर्च होतो, पण तक्रार कायमची जाते.

सातवी तपासणी: फोन जोडला जातो, पण इंटरनेट नाही

इथे मॅकची यादी निर्दोष असते आणि आयपी पत्ते, म्हणजे जोडल्या गेलेल्या प्रत्येक उपकरणाला राउटर वाटतो ते क्रमांक, बहुधा संपलेले असतात. समजा राउटर १०० ते १९९ या क्रमांकांमधले आयपी पत्ते वाटतो, म्हणजे एकूण १००. अभ्यासिकेत ६० मुले असतील आणि प्रत्येकाकडे फोन व लॅपटॉप असेल, तर मागणी १२० होते. त्यात पत्ता बदललेला फोन राउटरला नवे उपकरण वाटतो, त्यामुळे जुन्या पत्त्यावरचा आयपी मुदत संपेपर्यंत अडकून पडतो. लॅपटॉपवर १६९.२५४ने सुरू होणारा आयपी दिसणे ही राउटरकडून आयपी न मिळाल्याची खूण आहे. राउटरच्या डीएचसीपी, म्हणजे आयपी वाटपाच्या, पानावर वाटपाची कक्षा १० ते २५० अशी वाढवावी आणि मुदत २४ तासांची असेल तर दोन ते चार तासांवर आणावी.

आठवी तपासणी: खरे कुलूप कुठे आहे?

आता काढून टाकलेल्या फोनकडे येतो. मनाईच्या यादीत आपण माणूस टाकत नाही, त्याच्या फोनने एका दिवशी सांगितलेला पत्ता टाकतो. त्याने फोनमधला तो एक पर्याय बदलला की तोच फोन नव्या पत्त्याने उभा राहतो, आणि पासवर्ड तर त्याला ठाऊकच असतो. परवानगीची यादीही कुलूप नव्हे, कारण वायफायच्या लहरींमध्ये मजकूर गुप्त केलेला असला तरी पाठवणाऱ्याचा मॅक पत्ता उघडा जातो. तो ऐकून आपल्या लॅपटॉपला तोच पत्ता लावणे जाणकाराला अवघड नाही. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की यादी हजेरीपटासारखी वापरावी आणि माणसे रोखण्याचे काम पासवर्डवर सोपवावे.

माणूस गेला की पासवर्ड बदलावा. अभ्यासिकेत आम्ही तो दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, शुल्क जमा होतानाच बदलत असू. पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा ठेवता येतो, तो किमान सोळा अक्षरांचा असावा. अँड्रॉइड १० पासून जोडलेल्या फोनवरून क्यूआर कोड दाखवून वायफाय दुसऱ्याला देता येते, आणि त्या कोडमध्ये पासवर्ड उघड्या अक्षरांत असतो, याची जाणीव सदस्यांना द्यावी. पाहुण्यांसाठी ‘गेस्ट नेटवर्क’ वेगळे ठेवावे, म्हणजे त्याचा पासवर्ड वरचेवर बदलला तरी कार्यालयाचा प्रिंटर आणि कॅमेरे बंद पडत नाहीत. या स्थिर उपकरणांचे पत्ते सहसा बदलत नाहीत, आणि त्यांच्यासाठीच यादी आजही नीट चालते.

डब्ल्यूपीएसची, म्हणजे पासवर्डऐवजी बटण किंवा पिन वापरून जोडण्याची, सोय बंदच करावी. तिचा पिन आठ अंकी दिसतो, पण शेवटचा अंक तपासणीचा असतो आणि उरलेले अंक दोन तुकड्यांत तपासले जातात, त्यामुळे फार तर ११,००० प्रयत्नांत तो सापडू शकतो. हे २०११ मध्येच उघड झालेले आहे.

ही काळजी अनाठायी नाही. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांची जबाबदारी घेणारा ईमेल नवी मुंबईतल्या सानपाड्यात राहणाऱ्या एका परदेशी नागरिकाच्या वायफायवरून पाठवला गेला होता आणि पोलिसांची चौकशी आधी त्याच्या दारात पोहोचली होती. जोडणी ज्याच्या नावावर, पहिला प्रश्न त्यालाच विचारला जातो.

कुठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

फायबरच्या डब्यावरचे बारीक छिद्रातले रीसेट बटण टाचणीने दाबू नये. त्यामुळे नेटवाल्याने भरलेली जोडणीची माहिती पुसली जाऊ शकते आणि त्याचा माणूस येईपर्यंत इंटरनेट पूर्ण बंद राहते. डब्याचा अ‍ॅडमिन पासवर्ड तुमच्याकडे नसेल, किंवा केलेले बदल काही तासांनी आपोआप पूर्ववत होत असतील, तर सेटिंग्ज दुरून नेटवाल्याकडूनच भरल्या जात असण्याची शक्यता आहे. तिथे स्वतः प्रयत्न न करता त्यालाच फोन करावा. फायबरची पिवळी किंवा पांढरी वायर उपसू नये आणि तिच्या टोकात डोकावून पाहू नये, कारण त्यातला लेझर प्रकाश डोळ्यांना दिसत नाही.

सदस्य तीस-चाळीसच्या वर गेले आणि दर आठवड्याला कोणी येत-जात असेल, तर घरगुती राउटरवर आणखी कष्ट घेऊ नयेत. अशा ठिकाणी प्रत्येकाला स्वतःचे नाव आणि पासवर्ड देणारी डब्ल्यूपीए एंटरप्राइज पद्धत हवी. एका माणसाचे खाते बंद केले की त्याचा कोणताही फोन, कोणत्याही पत्त्याने, आत येत नाही. त्यासाठी ही नावे आणि पासवर्ड तपासणारा रेडियस सर्व्हर, प्रमाणपत्रे आणि तसे अ‍ॅक्सेस पॉइंट लागतात, आणि हे काम नेटवर्कच्या जाणकाराकडून करून घ्यावे. मी स्वतः अभ्यासिकेसाठी तेच केले.

तुमच्या जोडणीचा गैरवापर झाल्याचा संशय असेल तर राउटर रीसेट करू नये, कारण त्यातल्या नोंदी पुसल्या जातात. नोंदींची चित्रे घ्यावीत, पासवर्ड बदलावा आणि सायबर पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करावी. पैशांची फसवणूक असेल तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

तंत्रज्ञाला बोलवण्याआधी एका कागदावर अडलेल्या फोनचे मॉडेल, त्यावर आज दिसणारा पत्ता, यादीतला पत्ता, तो कोणत्या नावाला जोडला जात होता आणि शेवटचा कधी चालला, एवढे लिहून ठेवावे. हा कागद हातात दिला की तंत्रज्ञाचा पहिला अर्धा तास वाचतो.